दवाखान्याची आणेवारी

पीक किती आले आणि किती बुडाले हे ठरवायची एक रीत सरकारकडे आहे. गावातली काही शेते निवडायची, ठरल्या मापाचा तुकडा आखायचा, कापायचा, मळायचा, दाणे तोलायचे आणि त्यावरून आणेवारी काढायची. कागदावर आता तिला पैसेवारी म्हणतात. पन्नास पैशांच्या आत आली तर दुष्काळ, वर राहिली तर आबादीआबाद. या रीतीत काय काय भानगडी होतात हे या पत्रकाच्या वाचकांना सांगायला नको. चावडीवर बसल्या बसल्या काढलेली नजर आणेवारी आपण सगळ्यांनी भोगली आहे. तरी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पिकाचा निकाल लावताना सरकार निदान कागदोपत्री तरी पिकाकडे बघते. बियाणे किती वाटले, कृषी सहायकाने बैठका किती घेतल्या, यावरून कोणी आणेवारी काढत नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्राची मात्र नेमकी अशीच काढतात. बाह्यरुग्ण किती आले, लसी किती टोचल्या, तिशीपुढच्या किती माणसांची बीपी आणि शुगर तपासली, बाळंतपणे किती झाली. महिन्याच्या बैठकीत हे आकडे वरून मागितले जातात आणि खालून पुरवले जातात. कामाचा हिशेब म्हणून ते ठीक आहेत. ते फेकून द्या असे आम्ही म्हणत नाही. पण या सगळ्या रकान्यांत एक प्रश्न कुठेच नाही. एवढे सगळे करून त्या भागातला माणूस खाटेवर पडायचा थांबला का?

काही आजार असे आहेत की ते गावपातळीवर वेळेत ओळखले आणि नेटाने सांभाळले तर मोठ्या दवाखान्यात भरती व्हायची पाळी सहसा येऊ नये. लेकराला जुलाब लागले आणि त्याच दिवशी क्षारसंजीवनी सुरू झाली, जोडीला १४ दिवस झिंकची गोळी मिळाली, तर बहुतेक लेकरे घरीच बरी होतात. सलाईनपर्यंत वेळ येते ती उशिरामुळे. दम्याच्या माणसाला रोजचा फवारा मिळाला तर मध्यरात्री जीप करून त्याला ऑक्सिजनला नेण्याचे प्रसंग पुष्कळ कमी होतात. बीपीची गोळी रोज पोटात गेली तर लकवा आणि हृदयाचा थकवा लांबतो. शुगर ताब्यात राहिली, पायाची जखम वेळेवर दिसली, तर पाय वाचतो. गरोदर बाईचे रक्त चौथ्या महिन्यात तपासले आणि लोहाच्या गोळ्या खरोखर पोटात गेल्या, तर नवव्या महिन्यात रक्ताच्या बाटलीसाठी तालुक्याला पळावे लागत नाही. अशा आजारांसाठी मोठ्या दवाखान्यात पडलेली प्रत्येक खाट म्हणजे खालच्या पायरीवर काहीतरी चुकल्याची खूण. त्या खाटा मोजा, कोणत्या केंद्राच्या गावांतून आल्या ते लिहा, की त्या केंद्राची आणेवारी निघाली.

कृषी पदवीच्या वर्गात आम्हाला एक गोष्ट शिकवली होती, ती इथे कामाला येते. कपाशीत कामगंध सापळे लावायचे. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की गुलाबी बोंडअळीने नुकसानीची पातळी ओलांडली, आता उपाय करायचा. सापळा बघायला पैसे लागत नाहीत, रोज शेतात जायला लागते. ज्याने सापळे बघितले नाहीत त्याच्या बांधावर हंगामाच्या शेवटी औषधांच्या रिकाम्या बाटल्यांचा ढीग दिसतो. त्याने खर्च कमी केला असे कोणी म्हणणार नाही, उलट सगळ्यात जास्त खर्च त्यानेच केलेला असतो. आपल्या जिल्ह्याचे आरोग्यखाते सापळे न बघणाऱ्या शेतकऱ्यासारखे चालले आहे आणि बाटल्यांच्या ढिगाला विकास म्हणते आहे.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही काही कार्यकर्ते एका मोठ्या सरकारी दवाखान्याच्या वॉर्डाबाहेर दोन दिवस बसलो होतो. नातेवाइकांना एकच विचारायचे: पहिल्यांदा कुठे दाखवलं, आणि मग काय झालं? पन्नाशीतला एक कोरडवाहू शेतकरी होता. दोन वर्षांपूर्वी त्याची शुगर निघाली, ती प्राथमिक केंद्रातच निघाली. गोळ्या तिथेच सुरू झाल्या. पुढचे त्याच्याच शब्दांत: "भाऊ, दहाच दिवसाच्या गोळ्या देत होते. दर दहा दिवसाला एक रोज पाडायचा, आन् यष्टीचं भाडं वेगळं. दोनदा गेलो तं गोळ्याच संपेल होत्या. मंग म्हटलं, अंगाला काही दुखत नाही, कायले जाचं?" शुगर दुखत नाही हेच तर तिचे दुखणे. पऱ्हाटीचा खुंट पायात गेला, कळलेही नाही, कारण पायाची जाणीव आधीच गेली होती. गावातल्या डॉक्टरने दोन सुया दिल्या, पट्टी बांधली. अंगठा काळा पडला, मग चवडा. आम्ही भेटलो तेव्हा गुडघ्याखाली पाय नव्हता.

आता गंमत बघा, गंमत कसली म्हणा. प्राथमिक केंद्राच्या कागदावर हा माणूस यश म्हणून नोंदलेला आहे. तपासणी झाली, एक. निदान झाले, एक. औषध दिले, एक. बाह्यरुग्ण म्हणून तर तो कितीतरी वेळा मोजला गेला. मोठ्या दवाखान्याच्या कागदावरही तो यश आहे: शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. दोन्हीकडे हिशेब फायद्यात आणि मध्ये एक पाय गेला. तो नोंदवायला कोणत्याच वहीत रकाना नाही.

हा तोटा कोणाच्या खात्यावर पडतो? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत ग्रामीण भागात एका भरतीचा सरासरी वैद्यकीय खर्च, बाळंतपण सोडून, सरकारी दवाखान्यात ४,२९० रुपये आणि खासगीत २७,३४७ रुपये निघाला होता. यात येण्याजाण्याचे भाडे, सोबतच्या माणसाचे खाणे, दोघांच्या बुडालेल्या मजुऱ्या धरलेल्या नाहीत. आणि हे आकडे इतक्या वर्षांपूर्वीचे आहेत. शेतकऱ्याच्या बाबतीत आणखी एक खर्च असतो, तो कोणत्याच पाहणीत येत नाही. भरती हंगाम बघून होत नाही. सोयाबीन घरात ठेवून भावाची वाट बघायची ज्याची थोडीफार ऐपत होती, तो खळ्यावरूनच माल विकून दवाखान्याची पावती भरतो. पेरणीच्या तोंडावर बैलजोडी जाते. पीककर्ज बियाण्याऐवजी इंजेक्शनात जाते आणि जूनमध्ये तोच माणूस सावकाराच्या ओट्यावर बसलेला दिसतो. कर्जबाजारीपणाची कारणे लिहिताना आपण शेतीमालाचा भाव पहिल्या ओळीत लिहितो, ते बरोबरच आहे. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत दवाखाना लिहिला पाहिजे, आणि त्यातही टळू शकणारा दवाखाना वेगळा काढला पाहिजे.

ही मोजणी आमच्या डोक्यातून निघालेली नाही. न्यूयॉर्क शहरात जॉन बिलिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास ती मांडली. टपाल विभागवार दवाखान्यातल्या भरत्या तपासल्या तेव्हा दिसले की दमा, मधुमेह यांसारख्या आजारांच्या भरत्या गरीब वस्त्यांतून श्रीमंत वस्त्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. ज्या शहरात मोठ्या दवाखान्यांची वाण नाही तिथे हे चालले होते; वाण होती ती कोपऱ्यावरच्या डॉक्टरची. पुढे श्रीमंत देशांच्या संघटनेने दमा, फुप्फुसाचा जुना आजार, हृदयाचा थकवा, रक्तदाब आणि मधुमेह यांच्या टळू शकणाऱ्या भरत्या देशवार छापायला सुरुवात केली.

आपल्याला जास्त जवळचे उदाहरण ब्राझीलचे. तो शेतमजुरांचा आणि झोपडपट्ट्यांचाही देश आहे. तिथे १९९४ पासून कुटुंब आरोग्याचा कार्यक्रम उभा राहिला: एक डॉक्टर, परिचारिका आणि घरोघर जाणारे गावचेच आरोग्य कार्यकर्ते, ठरलेल्या कुटुंबांची जबाबदारी ठरलेल्या पथकावर. २००८ साली तिथल्या आरोग्य मंत्रालयाने अशा आजारांची अधिकृत यादीच जाहीर केली आणि त्यात जुलाब, रक्तक्षय, गरोदरपणातले आजारही घातले. १९९९ ते २००७ या काळातल्या भरत्या तपासल्यावर दिसले की प्राथमिक सेवेने टळू शकणाऱ्या जुन्या आजारांच्या भरत्या बाकीच्या भरत्यांच्या जवळजवळ दुप्पट वेगाने कमी झाल्या. आमच्या मते सरकारने यादी छापणे ही त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट. यादी छापली की जबाबदारी कबूल केल्यासारखे होते.

आपल्याकडे पैसा उलट्या टोकाला ओतला जातो. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ साली ८ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. केंद्राची ५ लाखांच्या विम्याची योजना २०१८ मध्ये आली. या योजनांनी अनेकांचे जीव वाचवले आहेत; आमच्याच कार्यकर्त्यांच्या घरांत त्या उपयोगी पडल्या आहेत. पण त्या पैसे देतात ते माणूस भरती झाल्यावर. दर महिन्याच्या बीपीच्या गोळीला त्यात जागा नाही. पीकविम्यासारखेच झाले हे: पीक मेल्यावर पंचनामा, आणि तेही मेले असे कंपनीला पटले तर. सरकारी घाऊक खरेदीत रक्तदाबाच्या साध्या गोळीला रुपयाही पडत नाही. ती गोळी उपकेंद्रात नाही म्हणून आठ दिवस बस चुकवणारा माणूस लकवा झाल्यावर मात्र योजनेत बसतो. आपले काही मित्र प्रत्येक सभेत तालुक्याला शंभर खाटांचा दवाखाना मागतात. मागा, पण तो कोणत्या आजारांनी भरणार आहे हेही एकदा विचारा.

भरतीला पैसा आणि गावातल्या उपचाराला नाही, असे झाले की दुसऱ्या बाजूनेही खाटा भरतात. बीडच्या ऊसतोड बायांचे प्रकरण विसरण्यासारखे नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारने आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांवर ऊसतोड कामगार बायांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कित्येकींचे वय चाळिशीच्या आतले. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे, पाळीचा त्रास, अशा तक्रारी घेऊन या बाया दवाखान्यात गेल्या होत्या. यातल्या पुष्कळ तक्रारींवर प्राथमिक केंद्रात गोळ्यांनी उपचार होतो, तपासणारी बाई डॉक्टर आणि थोडी आडोशाची जागा असली तर. ती नव्हती म्हणून खासगीचा जिना चढावा लागला, आणि वर पिशवी काढा म्हणून सांगणारा बसलेला होता. याही भरत्या टळू शकणाऱ्याच. त्या आपल्या मोजणीत वेगळ्या रकान्यात आल्या पाहिजेत, कारण इथे खालचे केंद्र गैरहजर होते आणि वरचा दवाखाना नको तितका हजर.

ऊसतोडीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि उन्हाळ्यात परततात. तेवढे महिने शुगरची, बीपीची, टीबीची वही गावच्या केंद्रात आणि माणूस कारखान्याच्या फडावर. तिथल्या केंद्रात गेले तर "तुमचं नाव इथं नाही." गोळ्या तुटतात त्या इथे. मग फेब्रुवारीत कारखान्याच्या गावच्या दवाखान्यात भरती होणारा माणूस कोणत्या केंद्राच्या खात्यावर धरायचा? आमचे मत: दोन्हीच्या.

आता मोजणीतल्या खाचाखोचा, कारण आकड्याने फसण्याचा अनुभव आपल्याला भरपूर आहे. भरत्या कमी म्हणजे सेवा चांगली, असे सरळ धरता येत नाही. दुर्गम पाड्यावरून भरत्या कमीच दिसतील, कारण तिथून माणूस दवाखान्यापर्यंत पोचतच नाही, घरीच मरतो. यावर उपाय शेतीसंशोधनातलाच आहे. खताचा प्रयोग करताना शेजारी एक वाफा खताविना ठेवतात, म्हणजे फरक खताचा की पावसाचा ते कळते. इथे तसा वाफा म्हणून आंत्रपुच्छाचे दुखणे आणि हाड मोडणे हे दोन आजार धरावेत. प्राथमिक केंद्र कितीही चांगले असले तरी अपेंडिक्स टळत नाही. ज्या भागातून अपेंडिक्सचेही रोगी येत नाहीत, तिथे रस्ता नाही असे समजावे. जिथून अपेंडिक्स सगळीकडच्याइतके येतात पण लकवे आणि सडलेले पाय जास्त येतात, तिथल्या केंद्राकडे बोट दाखवायला हरकत नाही.

बोट मात्र बघून दाखवावे. आरोग्यसेविका आणि आशाताई यांच्या डोक्यावर आधीच इतकी रजिस्टरे आहेत की आणखी एक काठी त्यांच्या पाठीत घालायला आपण निघालेलो नाही. गोळ्यांची खरेदी मुंबईत अडते, डॉक्टरची जागा वर्षानुवर्षे भरली जात नाही, आणि बोलणी खाते मानधनावरची बाई. शिवाय प्राथमिक केंद्रालाच भरत्या कमी दाखवायला सांगितले, तर ते रोग्याला पुढे पाठवायचेच बंद करील आणि माणूस तिथेच दगावेल. म्हणून मोजणी खाली करायची नाही, जिथे खाट आहे तिथे करायची.

हे सगळे होऊ शकते का? महाराष्ट्रातच झाले आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक केंद्रात नोकरीला होते. विंचूदंशाने कोकणात माणसे पटापट मरत. त्यांनी रोगी डोळ्यांसमोर ठेवून लक्षणे टिपली आणि १९८० च्या दशकात प्राझोसिन ही साधी गोळी वेळेत देऊन मृत्यू कमालीचे खाली आणले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाचा जंतुदोष ओळखायला आणि त्यावर घरी उपचार करायला शिकवले; १९९९ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. रक्तदाबाचा कार्यक्रम २०१८ च्या सुमारास पाच राज्यांत सुरू झाला, त्यात आपले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. त्याची रीत साधी होती: सगळ्यांना एकच ठरलेला उपचार, एकदम ३० दिवसांच्या गोळ्या, जवळच्या केंद्रातून, आणि तारखेला जो आला नाही त्याचा शोध. वॉर्डाबाहेर भेटलेल्या त्या शेतकऱ्याच्या शुगरला यातली एकही गोष्ट लागू झाली नव्हती.

तेव्हा जिल्हा बैठकीपुढे आमची सूचना अशी. प्रत्येक तालुक्यातून दोन माणसे नेमावीत, त्यात एक बाई असावी. ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालयाकडे माहितीच्या अधिकारात गेल्या तीन वर्षांच्या भरत्यांचे गाववार एकूण आकडे मागावेत: लेकरांचे जुलाब, दमा, लकवा व हृदयाचा थकवा, मधुमेहाची बेशुद्धी व पायाची जखम, गरोदरपणातला तीव्र रक्तक्षय व झटके; आणि तुलनेला अपेंडिक्स व मोडलेली हाडे. रोग्यांची नावे मागायची नाहीत, कोणी दिली तरी घ्यायची नाहीत; कोणाला काय झाले हे गावाला सांगायचे आपले काम नाही. खासगी दवाखान्यांची वही आपल्याला उघडता येणार नाही, पण सरकारी योजनेतून ज्या भरत्यांचे पैसे दिले जातात त्यांचा हिशेब राज्य आरोग्य हमी सोसायटीकडे असतो, तो तालुकावार मागता येईल. आकडे आले की दर हजार लोकसंख्येमागे किती, असे केंद्रवार मांडायचे. बरोबर दोन मागण्या जोडायच्या: बीपी-शुगरच्या गोळ्या ३० दिवसांच्या आणि उपकेंद्रातूनच, आणि ऊसतोडीला गेलेल्याची वही कारखान्याच्या भागातल्या केंद्राने बिनतक्रार मान्य करावी.

पहिली अडचण कुठे येईल तेही सांगून ठेवतो. आम्ही एका ठिकाणचे भरतीचे रजिस्टर पाहिले आहे. त्यात गावाचा रकाना आहे, पण पानेच्या पाने तिथे नुसते तालुक्याचे नाव लिहिलेले आहे, काही ठिकाणी तेही नाही. गाव नसेल तर केंद्र कळत नाही आणि केंद्र कळले नाही तर आणेवारी निघत नाही. म्हणून माहितीचा अर्ज टाकतानाच जिल्हा शल्यचिकित्सकांना वेगळे निवेदन द्यावे की भरतीच्या खिडकीवर गाव विचारून लिहिण्याची सक्ती करा. अर्जाचा आणि निवेदनाचा नमुना बैठकीच्या जागी टेबलावर ठेवला आहे, आपापल्या तालुक्यासाठी घेऊन जावा.